लिहिणं थांबलं तर पुन्हा कसं धरायचं: कोल्हापुरातल्या नव्या लेखकांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यात लिहायला सुरुवात करणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. कॉलेजच्या नियतकालिकात कविता येते, तालीम मंडळाच्या एकांकिकेला संहिता लागते, गावच्या जत्रेच्या स्मरणिकेत कुणीतरी आजीवर चार पानं लिहितं आणि ती वाचून सगळी गल्ली रडते. तीन-चार वर्षांनी त्यांतले बरेच जण गप्प झालेले असतात. कुणाच्या कथा परत आल्या, कुणी पैसे भरून पुस्तक काढलं आणि गठ्ठे माळ्यावर गेले, कुणाची नोकरी लांब लागली, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरी आजारपण. थांबलेल्या माणसाला मग वाटायला लागतं की आपल्यात मुळात काही नव्हतंच. नव्यांची हस्तलिखितं मी बरीच वर्षं वाचत आले आहे आणि हे वाटणं बहुतेक वेळा खोटं असतं, हे मी खात्रीनं सांगू शकते.

लिहिणं आणि छापून येणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. फटके बसतात ते दुसऱ्यात. त्यांची झळ पहिल्यापर्यंत पोचू द्यायची नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच आहे. सुरुवात करणाऱ्यानं क्रमानं वाचावं. जे थांबलेत त्यांनी थेट शेवटच्या दोन भागांकडे गेलं तरी चालेल.

आधी पोटाचं बघा

लेखनावर घर चालेल अशी आशा धरून नोकरी सोडू नका. मराठीत ते फार थोड्यांना जमलं आहे. आपल्या जिल्ह्याचाच इतिहास बघा. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे. ते कोल्हापुरात शाळेत शिकवत होते तेव्हाच, १९६७ साली, त्यांची ‘मृत्युंजय’ आली. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते. जगदीश खेबुडकर शिक्षकी पेशात राहूनच सिनेमाची गाणी लिहीत होते. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यानंतर ते कोल्हापूरला आले तेही सिनेमाच्या लेखनासाठी, म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात.

पुरस्कारानंही पोटाचा प्रश्न सुटत नाही. नवनाथ गोरे यांनी शिवाजी विद्यापीठात शिकताना मिळेल ते काम केलं. त्यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तरीही २०२० च्या टाळेबंदीत तासिका तत्त्वावरचं काम गेलं आणि त्यांना मजुरीला जावं लागलं, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण नव्या लेखकानं त्यातून एक हिशेब शिकावा. महिन्याचा खर्च लेखनाबाहेरून निघाला पाहिजे. मग संपादकानं नकार दिला तर ते फक्त एका कथेपुरतं राहतं. घरभाडं त्या कथेवर अवलंबून असेल, तर तोच नकार माणसाला मोडून टाकतो.

नोकरी कुठली, याला फारसं महत्त्व नाही. डोकं पूर्ण रिकामं करणारी नसावी आणि दिवसाचा एक ठरावीक तुकडा तुमचा राहील अशी असावी. उद्यमनगरात पाळीवर जाणारा मुलगा पहाटे लिहू शकतो. घर सांभाळणाऱ्या बाईची अडचण जास्त, कारण तिच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो. तिनं घरात स्पष्ट सांगून वेळ मागून घ्यावा. चोरून लिहिणं फार दिवस टिकत नाही.

वाचनालयाचं सभासदत्व

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. तिथं सभासद व्हा. विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचं तिथलं ग्रंथालय तुमच्या हाताशी आहेच. गावात राहत असाल तर गावचं सार्वजनिक वाचनालय शोधा. आपल्या भागात ती बरीच आहेत, आणि वाचणारं माणूस आलं की ग्रंथपालाला मनापासून आनंद होतो.

काय वाचायचं, याची यादी मी देणार नाही. एवढंच सांगते की आपल्या मातीतली माणसं पानावर कशी उतरली आहेत ते बघा. कागलचे आनंद यादव, कोवाडचे रणजित देसाई, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, गारगोटीचे राजन गवस, पन्हाळ्याकडचे कृष्णात खोत, किरण गुरव. एकाच जिल्ह्यात केवढे वेगवेगळे आवाज आहेत! ते वाचले की ‘साहित्यिक’ मराठीत लिहायचं दडपण आपोआप उतरतं.

रोजची वही

इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं या वहीवर उभं राहतं.

वही साधी घ्या, भारी घेऊ नका. भारी वहीत माणूस भारी वाक्यं लिहायला जातो. रोज एक पान पुरे. त्यात कथा लिहायची नाही. त्या दिवशी पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, तेही कामाच्या भाषेत. गुऱ्हाळावर जाऊन बसा. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की करवीर, पन्हाळा, कागल पट्ट्यात रस्त्याकडेला धूर दिसतोच. चुलवाणात चिपाडं कोण घालतं, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या कशावरून ठरवतो, मळी कशी काढतात, रवे भरताना माणसं काय बोलतात, हे उतरवून घ्या. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा एक सकाळ तिथं काढा. लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थ मंडईत, फाउंड्रीच्या दारात, तालमीच्या कट्ट्यावर भाषा तयार होत असते. ती कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही.

वहीचा दुसरा उपयोग पुढं कळतो. लिहिणं थांबतं तेव्हा कथा सुचत नाही, पण पाहणं-ऐकणं कुणाचंही थांबत नाही. वहीची सवय असली की सगळ्यात वाईट वर्षातही चार ओळी पडत राहतात. दोन वर्षांनी उघडून बघाल तर त्यातली अर्धी पानं फुकट असतात. उरलेल्यांत पुढच्या पुस्तकाचं बी असतं.

टंकन मात्र पहिल्या महिन्यातच शिका, आणि युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की तिची अक्षरं फुटतात, आणि संपादक ती वाचायच्या भानगडीत पडत नाही. साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम एकदा नीट वाचून काढा. पात्राच्या तोंडची बोली जशी आहे तशी ठेवा. निवेदनातला ऱ्हस्व-दीर्घ मात्र चुकवू नका.

पहिल्यांदा छापून येताना

सुरुवात लहान जागेपासून करा. दैनिकांच्या पुरवण्या, स्थानिक साप्ताहिकं, विद्यापीठ आणि महाविद्यालयांची नियतकालिकं. ‘पुढारी’ तर इथलाच, १९३९ पासूनचा, आणि बाकीच्या मोठ्या दैनिकांच्याही कोल्हापूर आवृत्त्या आहेत. पुरवणीसाठी सहाशे-सातशे शब्दांचा, एकाच विषयाला धरून असलेला मजकूर पाठवा. पाठवण्याआधी त्या पुरवणीचे निदान चार अंक वाचा. आकाशवाणीच्या कोल्हापूर आणि सांगली केंद्रांवर कथा आणि भाषणांना जागा असते. तिथं पाठवायची संहिता मोठ्यानं वाचून, घड्याळ लावून तपासा. जीभ जिथं अडखळेल तिथं वाक्य तोडा.

मग दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला हे मोठं दार आहे. पण ते दिवाळीच्या फार आधी बंद होतं. चांगले अंक पावसाळ्यातच भरत येतात. जून संपेपर्यंत कथा पोचली तर ती शांतपणे वाचली जाते, ऑगस्टमध्ये पोचलेली बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जाते. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. तीन महिने उत्तर आलं नाही तर नम्रपणे विचारा आणि मग दुसरीकडे द्या. संपादकाला ‘कथा कशी वाटली?’ असा फोन रोज करू नये. त्याच्याकडे अंक काढायला दोन-तीनच माणसं असतात.

‘साभार परत’चं काय करायचं

पूर्वी पाकीट परत यायचं. आता बहुतेक वेळा काहीच येत नाही, आणि गप्प राहणं जास्त लागतं. त्यासाठी एक साधा तक्ता करा: कथेचं नाव, कुठं पाठवली, कधी, काय झालं. परत आली की दोन दिवस तिच्याकडे बघू नका. तिसऱ्या दिवशी एकदा वाचा. जिथं तुम्हालाच कंटाळा येतो तिथं खूण करा, तेवढं दुरुस्त करा आणि पुढच्या पत्त्यावर पाठवा. सगळी कथा नव्यानं लिहायला बसू नका. एका संपादकाच्या नकारावरून कथा मोडली तर दुसऱ्याच्या नकारावर ती पुन्हा मोडावी लागेल आणि शेवटी तिच्यात तुमचं काही उरणार नाही. तीन वेगवेगळ्या वाचकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर मात्र ती जागा खरंच कच्ची आहे.

असे वाचक मिळवा. दोन पुरेत. कौतुक करणारा मित्र त्यांत धरू नका. दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेचे, म्हणजे आपल्या ‘दमसा’चे, कार्यक्रम होतात, शाहू स्मारकात पुस्तक प्रकाशनं होतात, विद्यापीठाच्या मराठी विभागात चर्चासत्रं असतात. तिथं जा, मागच्या खुर्चीवर बसा, ऐका. सहा महिन्यांत तुमच्यासारखं कुणीतरी भेटतंच.

पुस्तक आणि करार

पहिल्या पुस्तकाची घाई बहुतेकांना नडते. प्रकाशक तुमच्याकडे छपाईचे सगळे पैसे मागत असेल तर तो व्यवहार छपाईचा आहे, हे ओळखून मगच ठरवा. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण मग किती प्रती, कुठला कागद, विक्री कोण करणार आणि न विकलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी हवं. पैसे द्यायची ऐपत नसेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळाची जाहिरात आली की हस्तलिखित पाठवा. निकालाला वेळ लागतो, तेवढा धीर ठेवा.

पैशाचा अंदाज असा. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन ठरलं तर प्रतीमागे वीस रुपये. पाचशे प्रतींची आवृत्ती संपली तर दहा हजार, तेही दोन-तीन वर्षांत. हे आधी माहीत असलं की मन खट्टू होत नाही.

करार वाचल्याशिवाय सही नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं की थांबा. श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक-सिनेमा-मालिका यांचे हक्क वेगळे लिहून घ्या. सिनेमाचं गाव आहे आपलं, कधी कुणाला तुमची कथा आवडेल सांगता येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर का, ते विचारा.

पुरस्कारांसाठी पुस्तक जरूर पाठवा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकाचे गट वेगळे असतात, त्यातला कवितेचा बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो. पाठवलं की विसरून जा आणि वहीकडे वळा.

हस्तलिखित जपा

हे मी कोल्हापूरच्या माणसालाच सांगू शकते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ साली पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेलं होतं. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर आणि नदीकाठची कितीतरी गावं पाण्यात होती, आणि घराघरांतून कपाटांच्या तळच्या कप्प्यातले कागद लगद्यासारखे बाहेर आले. कुणाची वीस-वीस वर्षांची टिपणं होती त्यात. म्हणून दर महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, टंकलेली फाइल स्वतःलाच ई-मेल करा, एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. वह्या वरच्या कप्प्यात. एवढं करूनही काही गेलंच, तर आठवड्याच्या आत बसून आठवेल तेवढं मुद्द्यांत उतरवा. कथेचा सांगाडा आणि महत्त्वाची वाक्यं पहिल्या काही दिवसांत आश्चर्य वाटावं इतकी आठवतात.

गप्प वर्षं

ती येणारच. दोन वर्षं, पाच वर्षं, कुणाची पंधरा. या काळात स्वतःला लेखक म्हणवून घ्यायची लाज वाटायला लागते, साहित्याच्या कार्यक्रमांना जावंसं वाटत नाही, बरोबरीच्यांची पुस्तकं आली की पोटात तुटतं. हे सगळं मी जवळून पाहिलं आहे आणि ते हलकं नसतं.

अशा वेळी कधीतरी शिवाजी विद्यापीठातल्या वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयात जाऊन या. ‘ययाति’ आली १९५९ साली, तेव्हा खांडेकर एकसष्ट वर्षांचे होते. १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. तोवर दृष्टी गेलेली होती, ते तोंडी सांगत आणि लेखनिक उतरवून घेत. आणि आत्ताचं उदाहरण हवं असेल तर कृष्णात खोतांची पहिली कादंबरी २००५ ची आणि ‘रिंगाण’ला साहित्य अकादमी मिळाली २०२३ साली. या दोन तारखांच्या मधली वर्षं त्यांनी कादंबऱ्या लिहिण्यात घालवली. आपण मात्र पुरस्काराची तेवढी बातमी वाचतो.

गप्प वर्षांत एकच पथ्य पाळा: वाचनालयाचं सभासदत्व बंद करू नका. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

पुन्हा धरताना

गुडघा दुखावलेला पैलवान तालमीत परतला की वस्ताद त्याला लगेच जोड देत नाही. आधी हौद्यातली माती उकरायला लावतो, मग जोर-बैठका, आणि कुस्ती फार नंतर. परतीचा क्रम लेखनातही असाच ठेवा.

पहिले काही आठवडे फक्त वाचा, तेही ज्या पुस्तकामुळं तुम्हाला पहिल्यांदा लिहावंसं वाटलं तेच. आवडलेलं एखादं पान हातानं उतरवून काढा. हे बाळबोध वाटेल, पण वाक्याची लय बोटांत परत येते ती अशीच. जुनी अर्धवट कादंबरी या काळात उघडायची नाही. ती उघडली की आपण किती वर्षं वाया घालवली याचाच हिशेब सुरू होतो.

मग वही, रोज अर्धं पान. त्यानंतर एखादं असं काम धरा ज्यात तुमचं नाव पणाला लागलेलं नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंड्याची हकिगत लिहून घ्या, आईच्या ओव्या उतरवा, गावच्या तालमीचा इतिहास जमवा. दुसऱ्याच्या आयुष्यासाठी लिहायला लागलं की स्वतःविषयीची धास्ती मागं पडते. माझ्या पाहण्यातले जितके लोक परतले, त्यांतले बहुतेक याच वाटेनं परतले. कथा लिहिणारी एक बाई सासूच्या औषधपाण्यात कैक वर्षं अडकली होती. तिनं सासूच्याच जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून तिला कथेचं पहिलं वाक्य मिळालं.

अशी पन्नासेक पानं साठली की मगच नवी कथा. जुन्या कादंबरीपेक्षा नवी कथा आधी, कारण ती आजच्या तुमच्याकडून येते. ती पूर्ण झाल्यावर जुनं हस्तलिखित काढा आणि पेन न घेता वाचा. पहिल्या तीस पानांत एकदाही थांबावंसं वाटलं नाही, तर ते जिवंत आहे, पुढं न्या. जागोजाग अडलात तर त्यातली दोन-तीन माणसं उचलून नव्या कथेत आणा आणि बाकीचं बांधून ठेवा.

वेळेचं गणित असं ठेवा. उसाचा हंगाम सुरू होताना वही धरली तर संक्रांतीपर्यंत हात मोकळा होतो, होळीच्या सुमारास कथेचा पहिला खर्डा उभा राहतो. तो आपल्या दोन वाचकांना द्या आणि महिनाभर त्याच्याकडे फिरकू नका. मे महिन्यात दुरुस्ती करा, टंकन तपासा, एकदा मोठ्यानं वाचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पंचगंगेला पाणी चढायच्या आत, ती एका दिवाळी अंकाला पाठवा, तक्त्यात तारीख लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या कथेची वही उघडा.